वरकमाई की जोडधंदा?



पगाराखेरीज हाती येणाऱ्या पैशासाठी आपल्या मराठीत दोन शब्द आहेत. एक 'जोडधंदा'. शेतकऱ्याने चार शेळ्या पाळल्या, शिंपीकाम येणाऱ्या बहिणीने घरी फॉल-पिकोचे यंत्र मांडले, की आपण त्याला जोडधंदा म्हणतो आणि कौतुकाने म्हणतो. दुसरा शब्द 'वरकमाई'. हा शब्द उच्चारताना आपला आवाज आपोआप खाली येतो. मुलीला स्थळ सांगणारा मध्यस्थ "पगार बरा आहे, शिवाय वरकमाईही आहे" असे हळूच सांगतो आणि ऐकणारा काय ते समजतो. दोन्ही ठिकाणी पैसा पगारावरचाच आहे. दोन्ही ठिकाणी तो घरातच येतो, त्याच चुलीवर शिजतो. मग भाषेने हे दोन शब्द वेगळे का ठेवले असतील? या लेखात मला आपल्यासोबत याच प्रश्नाचा विचार करायचा आहे. कारण आज हा प्रश्न आपल्या जवळजवळ प्रत्येक घरात शिरलेला आहे.

इशाच्या नमाजनंतर मशिदीच्या पायरीवर तरुण मुले थांबतात आणि विचारतात, "मौलाना, पगारात भागत नाही. रात्री डिलिव्हरीला गेलो तर चालेल का?" कोणी जुने मोबाइल घेऊन विकू पाहतो. कोणी मोबाइलवर कपड्यांचे फोटो टाकून ऑर्डर घेतो. कोणाला मसाल्याचा, कोणाला अत्तराचा व्यवसाय करायचा असतो. कोणी लाजत लाजत विचारतो की मोबाइलवरच्या पैशाच्या खेळांविषयी शरीअत काय म्हणते. प्रश्न विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर अनेकदा अपराधाची छटा असते. जणू अधिक कमावण्याची इच्छा हीच दुनियादारी आणि ईमानाची उणीव आहे.

हा गैरसमज आधी दूर करू. इस्लामने कष्टाच्या कमाईला कमी लेखलेले नाही. सूरह जुमुआ पाहा. अजान होताच खरेदी-विक्री सोडून अल्लाहच्या स्मरणाकडे धावा, अशी तेथे आज्ञा आहे. पण नमाज पूर्ण होताच जमिनीवर पसरा आणि अल्लाहचा अनुग्रह शोधा, असेही लगेच सांगितले आहे. म्हणजे शुक्रवारीसुद्धा कामाला बंदी नाही. फक्त कशाच्या आधी काय, हे ठरवून दिले आहे. हजरत दाऊद (अलै.) पैगंबर होते आणि बादशाहही होते, तरी स्वतःच्या हाताच्या कमाईवर जगत. अल्लाहने त्यांच्यासाठी लोखंड मऊ केले आणि ते चिलखते घडवीत. हजरत झकरिया (अलै.) सुतार होते.

मदिनेतील एका अन्सारी गृहस्थाची हकिकत आपण ऐकली असेल. तो अल्लाहच्या प्रेषितांकडे (सल्ल.) मागायला आला. घरात काय आहे, असे त्याला विचारण्यात आले. अंगाखाली-अंगावर घ्यायचे एक जाड वस्त्र आणि पाणी पिण्याचा एक वाडगा, एवढेच होते. प्रेषितांनी (सल्ल.) त्या दोन वस्तू लोकांसमोर बोली लावून दोन दिरहमांना विकल्या. एका दिरहमाचे अन्न घरी द्यायला सांगितले आणि दुसऱ्या दिरहमाचे कुऱ्हाडीचे पाते आणवून स्वतःच्या हाताने त्याला दांडा बसवला. लाकडे तोड, वीक आणि पंधरा दिवस मला दिसू नकोस, असे सांगून त्याला पाठवले. तो परतला तेव्हा त्याच्याजवळ दहा दिरहम होते. वाचकहो, या प्रसंगात भीक थांबली, हे तर आहेच. पण भांडवल कसे उभे राहिले, तेही पाहा. कर्ज काढले नाही. घरातील वस्तूच मोलाच्या ठरल्या. आणि घरी अन्न पोचवल्याशिवाय कुऱ्हाड विकत घेतली गेली नाही.

हजरत सलमान फारसी (रजि.) मदाइनचे अमीर असतानाही खजुरीची पाने विणून टोपल्या करीत. एका दिरहमाची पाने आणायची, विणलेले काम तीन दिरहमांना विकायचे. त्या तिनांतील एक दिरहम पुन्हा पानांसाठी, एक घरखर्चासाठी आणि एक सदक्यासाठी. हा हिशेब मला जोडधंद्याचा सर्वांत सुंदर हिशेब वाटतो. घरून बिर्याणीच्या ऑर्डरी घेणाऱ्या आपल्या कितीतरी बहिणी रमजानमध्ये रात्रंदिवस खपतात आणि ईदनंतर म्हणतात, पैसे आले आणि कुठे गेले ते कळलेच नाही. याचे कारण, पानांचा दिरहम वेगळा ठेवलेला नसतो. आलेल्या पैशातून तांदूळ-मटणाचा आणि गॅसचा खर्च आधी बाजूला काढला नाही, तर आपण नफा नव्हे, भांडवल खात असतो. वही ठेवा. कुरआनची सर्वांत दीर्घ आयत उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याविषयी आहे, हे विसरू नका.

तेव्हा अधिक कमवावे की नाही, हा प्रश्नच नाही. प्रश्न आहे तो त्या दोन शब्दांमधला. माझ्या मते आपली कमाई कोणत्या शब्दाच्या बाजूला पडते, हे ओळखण्यासाठी स्वतःला तीन गोष्टी विचारल्या पाहिजेत.

पहिली गोष्ट: मी जो वेळ विकतो आहे, तो माझाच आहे का? आपल्या फुकहांनी मजुरी करणाऱ्याचे दोन प्रकार सांगितले आहेत. एक 'अजीर-ए-मुश्तरक', म्हणजे शिंप्यासारखा कारागीर. तो काम विकतो. एकाच वेळी दहा जणांचे कपडे शिवायला घेऊ शकतो. दुसरा 'अजीर-ए-खास', म्हणजे नोकरदार. तो आपला ठरलेला वेळच विकतो. त्या वेळात फर्ज नमाज सोडता त्याचा तास त्याचा राहत नाही. मालकाने काम दिले नाही तरी हजर राहिल्याचा पगार त्याला मिळतो. आता कचेरीत बसून स्वतःच्या ग्राहकांचे फोन घेणारा, मालकाच्या छपाईयंत्रावर आपल्या शिकवणीच्या प्रश्नपत्रिका काढणारा, रात्री दोनपर्यंत गाडी चालवून सकाळी कामावर डुलक्या घेणारा, हे तिघे काय करतात? एकदा विकलेली वस्तू दुसऱ्यांदा विकतात. एकच म्हैस दोन गिऱ्हाइकांना विकणाऱ्याला आपण लबाड म्हणतो. एकच तास दोघांना विकणाऱ्याला मात्र आपण कल्पक म्हणतो. सरकारी सेवेत असणाऱ्यांनी तर सेवाशर्ती नीट वाचाव्यात. खासगी धंद्यावर तेथे निर्बंध आहेत. ज्या अटींवर सही करून आपण नोकरी स्वीकारली, तो एक करार आहे, आणि करार पाळण्याची आज्ञा कुरआनने दिली आहे.

दुसरी गोष्ट: हा पैसा कशाच्या बदल्यात येतो आहे? अल्लाहने व्यापार हलाल केला आणि व्याज हराम केले. परस्परसंमतीचा व्यापार वगळता एकमेकांची संपत्ती अनुचित मार्गाने खाऊ नका, असेही बजावले. व्यापारात मी काही देतो आणि काही घेतो. मी वस्तू देतो, श्रम देतो, कौशल्य देतो, नुकसानीचा धोका पत्करतो. यांतले काहीच न देता पैसा येत असेल, तर तो कोणाच्या तरी खिशातून त्याच्या नकळत निघालेला असतो. जुगाराच्या खेळात जिंकलेला रुपया दुसऱ्याने हरलेला असतो. 'तुमचे बँक खाते महिनाभर वापरायला द्या, घरबसल्या पाच हजार घ्या' असे सांगणारे आज कॉलेजच्या मुलांना शोधत फिरतात. त्या खात्यातून फसवणुकीचा पैसा फिरतो. खाते गोठवले जाते तेव्हा पोलिसांपुढे ज्याच्या नावाचे खाते तो उभा राहतो. देणारा कुठेच सापडत नाही. मातांनो, मुलाच्या हाती अचानक पैसा दिसला तर आनंदाआधी प्रश्न विचारा. 'काहीच करावे लागत नाही' हे उत्तर आले, तर तेथेच थांबवा.

व्यापार असला तरी त्याच्याही मर्यादा आहेत. फोटो दाखवून ऑर्डर घेणाऱ्या तरुणांनी हे लक्षात घ्यावे की, जी वस्तू आपल्या ताब्यात नाही ती विकण्यास हजरत हकीम बिन हिझाम (रजि.) यांना मनाई करण्यात आली होती. यावर तोड आहे. आपण दलाल आहोत हे उघड सांगून ठरलेली दलाली घ्या. किंवा ग्राहकाची फक्त मागणी नोंदवा, वस्तू खरेदी करून ताब्यात घ्या आणि मग विक्री करा. खरेदीची इच्छा नसताना किंमत वाढवण्यासाठी बोली लावणे, ज्याला 'नजश' म्हणतात, प्रेषितांनी (सल्ल.) निषिद्ध ठरवले. पैसे घेऊन न वापरलेल्या वस्तूची स्तुती लिहिणे हे त्याच जातीचे काम आहे, हे सांगायला फार विद्वत्ता लागत नाही. आणि बाजारात धान्याच्या ढिगात हात घालून आतली ओल बाहेर काढणाऱ्या प्रेषितांची (सल्ल.) आठवण जुना मोबाइल विकताना ठेवा. पावसाने भिजले, असे त्या विक्रेत्याने सांगितले होते. ओला भाग वर का ठेवला नाहीस, असे त्याला विचारण्यात आले. मोबाइलची बॅटरी उतरलेली असेल तर ती गोष्ट 'वर' ठेवा.

तिसरी गोष्ट सर्वांत अवघड आहे आणि तिच्याविषयी मला स्वतःचा अनुभव सांगितला पाहिजे. प्रेषितांनी (सल्ल.) अज्द कबिल्यातील एका व्यक्तीस जकात गोळा करण्यासाठी नेमले होते. परत आल्यावर त्याने मालाचे दोन भाग केले. हा तुमचा आणि हा मला भेट मिळालेला, असे म्हणाला. त्यावर प्रेषित (सल्ल.) मिंबरवर उभे राहिले. त्यांनी त्याचे नाव घेतले नाही. पण, ही व्यक्ती आपल्या आई-वडिलांच्या घरी बसून का राहिली नाही, म्हणजे भेट येते की नाही ते दिसले असते, असा प्रश्न सर्वांसमोर केला. वाचकहो, वरकमाई ओळखण्याची याहून सोपी कसोटी मला माहीत नाही. मी या खुर्चीवर नसतो, घरी बसलेला असतो, तर हा पैसा माझ्याकडे आला असता का?

काही वर्षांपूर्वी एक गृहस्थ माझ्याकडे आले. नम्र, नमाजी. त्यांच्याकडे एक योजना होती. पाच हजार रुपये भरून सभासद व्हायचे, काही डबे-बाटल्या मिळायच्या, आणि पुढे आपण जितके सभासद आणू तितके कमिशन. ते म्हणाले, "मौलाना, आपण पाच हजार भरूही नका. फक्त आपले नाव पहिले असू द्या. माणसे आपोआप येतील." मी त्यांना तेथेच नाही म्हणालो नाही. विचार करतो, असे म्हणालो. त्या रात्री मी खरोखर हिशेब केला. गावातल्या इमामाचा पगार किती असतो हे आपल्याला ठाऊक आहे. थोरल्या मुलीची शाळेची फी भरायची होती. दहा नावे, वीस नावे, असे मी कागदावर मांडत गेलो. मग त्या नावांकडे पाहिले. ते सगळे माझ्या मागे नमाजला उभे राहणारे लोक होते. मी मेहराबात उभा नसतो, तर त्या गृहस्थांना माझे नाव कशाला हवे होते? ते माझ्याकडून माझे श्रम मागत नव्हते. लोकांनी माझ्याकडे ठेवलेला विश्वास मागत होते. ती माझी वस्तूच नव्हती. ती अमानत होती.

दुसऱ्या दिवशी मी नकार दिला. गोष्ट इथे संपली असती तर मी ती सांगितली नसती, कारण तिच्यात माझीच स्तुती झाली असती. ते गृहस्थ दुसऱ्या माणसांमार्फत गावात फिरले. मला हे कळत होते. मालापेक्षा नव्या सभासदांच्या पैशावर चालणारी साखळी नवे सभासद संपताच तुटते, एवढे गणित मला समजत होते. अशा पैसा फिरवण्याच्या योजनांवर आपल्या देशात 1978 पासून कायद्याने बंदी आहे, हेही मी वाचले होते. तरी जुमाच्या बयानात मी त्यावर बोललो नाही. ते गृहस्थ मशिदीला देणगी देणाऱ्यांपैकी होते. आणि मी स्वतः तर सामील झालो नाही, माझे काम संपले, असे मी मनाला समजावले. वर्षभरात ती साखळी तुटली. पहिल्या सफेत उभे राहणाऱ्या एका हमालाने त्यात तीन सभासदांचे पैसे भरले होते. बायकोच्या कानातले विकून. त्यांनी मला दोष दिला नाही. फक्त एकदा वुजू करता करता विचारले, "मौलाना, तुम्हाला माहीत होतं ना?" मी होय म्हणालो. याहून अवघड होय मी आजवर कोणाला म्हटलेले नाही.

तेव्हापासून मिंबरवरच्या त्या प्रसंगाचा दुसरा अर्धा भाग मला कळू लागला. प्रेषितांनी (सल्ल.) भेटवस्तूविषयी त्या व्यक्तीस एकांतात समजावून विषय मिटवला नाही. माणसाची अब्रू राखली, नाव घेतले नाही. पण गोष्ट लोकांसमोर ठेवली, कारण ती लोकांची होती. स्वतः हरामपासून दूर राहणे हा तक्वाचा आरंभ आहे. शेजारी त्या खड्ड्याकडे चालला असताना, माझे पाय तर कोरडे आहेत, असे म्हणणे हा तक्वा नव्हे. तेव्हा वाचकहो, आपल्यापर्यंत अशी योजना आली आणि आपण शहाणपणाने नाकारली, तर तेवढ्यावर थांबू नका. घरी, गल्लीत, नातेवाइकांत मोकळेपणाने सांगा.

माझा जोडधंदा काय, असे आपण विचाराल. मदरशानंतर मी मराठीत बी.ए. केले, तेव्हा अनेकांनी हसून विचारले होते की इमामाला याचा उपयोग काय. आज दुपारी जोहर आणि असरच्या मधल्या वेळात मी उर्दू माध्यमाच्या दहावीच्या मुला-मुलींना मराठी शिकवतो. सुरू करण्यापूर्वी मशिदीच्या विश्वस्तांना विचारले, वेळ ठरवून घेतला. जे फी देऊ शकत नाहीत त्यांची फी घेत नाही; तो माझा सलमान फारसींचा (रजि.) तिसरा दिरहम समजा. यात चातुर्य काहीच नाही. जे येत होते ते विकले, आणि जो वेळ माझा होता तोच विकला.

आता घराकडे वळू. हजरत अब्दुल्लाह बिन मसऊद (रजि.) यांच्या पत्नी झैनब (रजि.) यांच्याजवळ स्वतःचे धन होते आणि पती व पदरी असलेली अनाथ मुले यांच्यावर त्या खर्च करीत. याचे पुण्य मिळेल का, असे त्यांनी विचारवले, तेव्हा दुहेरी पुण्य आहे, नात्याचे आणि सदक्याचे, असे उत्तर मिळाले. या उत्तरातील एक गोष्ट पुरुषांनी नीट ऐकावी. तिने दिलेला पैसा सदका ठरतो, कारण तो तिचा आहे. घरखर्च ही पतीची जबाबदारी आहे. पत्नीने शिवणकामातून, पापड-मसाल्यातून मिळवलेला पैसा तिच्या मालकीचा आहे. तिने आनंदाने घरात घातला तर तो तिचा उपकार आहे. तिच्या हातून हिसकावून घेणे हा जुलूम आहे, मग कारण मुलांच्या फीचे का असेना. आणि भांडवलासाठी व्याजाच्या कर्जाकडे वळण्यापूर्वी दहा-बारा बहिणींनी मिळून बिनव्याजी भिशी चालवावी. मशीन त्यातून येते.

कमाई हलाल असली तरी तिची एक सीमा आहे. हजरत सलमान (रजि.) यांनीच हजरत अबू दरदा (रजि.) यांना समजावले होते की तुमच्या रबचा तुमच्यावर हक्क आहे, देहाचा आहे, घरच्यांचाही आहे, ज्याचा हक्क त्याला द्या. प्रेषितांनी (सल्ल.) या बोलण्याला दुजोरा दिला. तिथे विषय रात्रभराच्या इबादतीचा होता. जर इबादतीपायीसुद्धा पत्नी-मुलांचा हक्क बुडवता येत नाही, तर तिसऱ्या कामापायी कसा बुडवता येईल? ज्या मुलांसाठी बाप रात्री राबतो, ती मुले त्याला फक्त झोपलेला पाहत असतील, तर एकदा बसून हिशेब करावा: कोणता खर्च गरजेचा आहे आणि कोणता शेजारच्या लग्नातला थाट पाहून आला आहे. कधीकधी सर्वांत हलाल जोडकमाई म्हणजे कमी केलेला खर्च असतो.

शेवटचे शब्द दुकानदार, कारखानदार आणि विश्वस्त वाचकांसाठी. हजरत अबू बकर (रजि.) खलीफा झाल्यावरही कापड घेऊन बाजारात निघाले होते, कारण घर चालवायचे होते. तेव्हा सहाबांनी त्यांना दोष दिला नाही; बैतुलमालमधून त्यांचा निर्वाह ठरवून दिला. ज्याचा सगळा वेळ घ्यायचा, त्याचे पोट भरण्याची जबाबदारीही घ्यायची. आपल्या दुकानात दहा तास उभा राहणारा मुलगा रात्री डिलिव्हरीची पिशवी पाठीवर का घेतो, हे त्याला विचारा. त्याच्या उत्तरात कदाचित आपलाच हिशेब सापडेल.

अल्लाह तआला आपल्या सर्वांना पुरेसे, स्वच्छ आणि बरकतीचे रिज्क देवो. दुसऱ्याच्या खिशातून नकळत निघालेल्या पैशापासून आपल्या चुली सुरक्षित ठेवो. आणि जाणत असूनही गप्प राहिल्याची माझी चूक माफ करो. आमीन.